बासष्ट चित्रं आणि दोन हात

४ सप्टेंबर, सोमवार

काम मिळालं! बासष्ट चित्रं, जानेवारीअखेर द्यायची. फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलांसाठी सांध्यांवरचं पुस्तक आहे. लेखिका हाडांच्या निवृत्त डॉक्टर, कॉलेजात तीस वर्षं शिकवलंय त्यांनी. बसायच्या आधीच विचारलं, "हाडं काढता येतात का?" म्हटलं, "काढता येतात, परत बसवता येत नाहीत." बाई हसल्या नाहीत. नमुन्याची चार चित्रं नेली होती, त्यातल्या तीन चित्रांवर लाल पेनाने खुणा केल्या आणि चौथं बाजूला ठेवलं. मी तिथल्या तिथे त्यांचं नाव लालपेन ठेवलं.

आजवर बेडकाचं पोट काढलं, फुलाचे भाग काढले, पाण्याचा पंप काढला. माणसाच्या आतलं कधी काढलं नव्हतं. चुकलं तर शेकडो पोरं चुकीचा सांधा शिकणार आणि मग कुणाच्या तरी पायावर ती चूक करणार.

ही वही हिने आणून दिली. ही म्हणजे माझी बायको. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायला असते, बावीस वर्षं झाली. म्हणाली, "तुझी रडगाणी या वहीला सांगत जा, मला सकाळी ड्युटी असते."

९ सप्टेंबर, शनिवार

गुडघा झाला. लालपेनने मजकूर पाठवलाय, तो वाचूनच काढायचं अशी अट आहे. वाचलं आणि पस्तावलो. दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, सांध्याला आतून पातळ अस्तर असतं, ते अस्तर वंगणासारखा द्रव सोडतं. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नाही, त्यामुळे ती झिजली की फारशी भरून येत नाही. हे मला बावन्नाव्या वर्षी कळतंय! कोणी आधी सांगितलं असतं तर मी जपून चाललो असतो.

आपल्या जिन्याला चव्वेचाळीस पायऱ्या आहेत. आज मोजत चढलो. उजवा गुडघा अकरा वेळा वाजला. हिला सांगितलं तर म्हणाली, "दुखतो का?" म्हटलं, "अजून नाही." "मग दुखला की सांग." बाई दगडाची आहे. वर मलाच म्हणते, ही बरणी उघडून दे. हल्ली बारीकसारीक कामं मलाच सांगायची सवय लागलीय तिला. झाकण उघड, पिशवी धर, कुकर तू उतरव. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर लाडात यायचं म्हणजे कमाल आहे.

१४ सप्टेंबर, गुरुवार

खांदा आणि खुबा. दोन्ही उखळीचे सांधे, पण खुब्याची उखळ खोल आणि खांद्याची उथळ. म्हणून खांदा सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच निखळतो. जास्त मोकळीक घेणाऱ्याचं असंच होतं, असं ही म्हणाली. पुढे खांदा आखडण्याचा मजकूर होता. तो वाचल्यापासून माझा डावा हात पाठीमागे पूर्वीइतका जात नाही. दिवसातून सहा वेळा नेऊन बघितला. संध्याकाळी खरंच दुखायला लागला.

पायाच्या अंगठ्याचंही लिहिलंय. रक्तात युरिक ॲसिड वाढलं की अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लाल होऊन फुगतो, चादरीचा स्पर्श सहन होत नाही. माझा अंगठा लाल होता. पाचावर धारण बसली. हिने बूट हातात घेऊन उलटा केला, आत खडा होता.

झोप नीट होत नाही हेही एक आहे. हिची ड्युटी आठची, पण ही साडेचारला उठते आणि गरम पाण्याची बादली घेऊन न्हाणीघरात बसते. नळाच्या आवाजाने मला जाग येते. विचारलं तर म्हणे, "बरं वाटतं." ज्याचं त्याचं वेड. सांध्यांना झोपेची किती गरज असते हे तिला वाचून दाखवलं पाहिजे.

२० सप्टेंबर, बुधवार

शेवटी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. ही रजा काढून बरोबर आली. नको म्हणत होतो, पण एकट्याने निकाल ऐकायची हिंमत नव्हती. डॉक्टर तरुण, घाईत. गुडघा वाकवला, वळवला, हात ठेवून ऐकल्यासारखं केलं.

"वाजतो. दुखत नाही?"

"नाही, पण—"

"सुजत नाही? अडकत नाही?"

"नाही, पण अकरा वेळा—"

"मग वाजू द्या. आतल्या द्रवात वायूचे बुडबुडे होतात, स्नायूंच्या दोऱ्या हाडावरून सरकतात. पुष्कळांचे वाजतात. मांडीचे व्यायाम करा आणि जरा वजन उतरवा."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, या पोराने नीट बघितलंच नाही. बाहेर पडताना ही दारात थांबली, मागे वळली, डॉक्टरांना काहीतरी विचारणार असं वाटलं. मी म्हटलं, "चल, रिक्षा उभी आहे." ती आली. येताना सगळ्या रस्ताभर मीच बोलत होतो.

२६ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून हात. पुस्तकातला सगळ्यात अवघड भाग. एका हातात सत्तावीस हाडं! मनगटाची आठ तर नुसते खडे भरून ठेवल्यासारखी. बोटांना बिजागरीचे सांधे, अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखा, त्यामुळे अंगठा प्रत्येक बोटाला भेटायला जाऊ शकतो. लालपेनचं म्हणणं, हात प्रत्यक्ष माणसाचा बघून काढा, फोटोवरून नको.

हिला बसवलं. दिव्याखाली टेबलावर दोन्ही हात पालथे. अंगठी नव्हती, साबण अडकतो म्हणून काढलीय म्हणे. मला बरंच झालं, चित्रात अंगठी नकोच होती. पाच कागद झाले. मधेच मी ओरडलो, "बोटं सरळ ठेव की! टेबलाला टेकव." म्हणाली, "एवढीच होतात." म्हटलं, "मस्करी नको, दिवस जातोय." तिने दुसऱ्या हाताने दाबून टेकवली. चेहरा वाकडा केला. माझ्या ओरडण्याचा राग आला असणार, नंतर दोन तास बोलली नाही.

चित्र मात्र झकास उतरलंय. आजवरचं सगळ्यात चांगलं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

फोनवर फोटो पाठवला होता. लालपेनचं उत्तर आलं: "पेरं जाड आलीत. बोटांच्या मुळाशी, पहिल्या दोन बोटांना, उंचवटे नकोत. निरोगी हात हवा. सुधारा." मला खात्री होती की मी बघितलं तेच काढलंय. पण माझ्या खात्रीला काय किंमत? मी पंप काढणारा माणूस. मनात म्हटलं, थकलेल्या डोळ्यांनी रेघ जाड केली असेल.

३० सप्टेंबर, शनिवार

सुधारलं. दुसऱ्या एका पुस्तकातला हात समोर ठेवला आणि पेरं खोडून बारीक केली. मूळ पाच कागद फेकत नाही मी, चित्रवहीत लावून ठेवलेत. लालपेनचा शेरा आला: "आता बरोबर." जीव भांड्यात पडला.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

ही आज दुपारीच घरी आली. चप्पल काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली, दिवा न लावता. खोदून खोदून विचारल्यावर एवढंच म्हणाली की एका म्हाताऱ्या आजोबांना तिने चार वेळा टोचलं आणि शीर मिळाली नाही. मुलगा भांडायला उठला. सुपरवायझरने तिच्या हातातून सुई घेतली आणि पहिल्या प्रयत्नात रक्त काढलं, सगळ्यांदेखत. महिन्यातली ही तिसरी तक्रार म्हणे. सोमवारपासून तिला काउंटरवर बसायचंय, पावत्या फाडायला.

ही! जिच्याकडे लहान मुलांच्या वॉर्डातून खास निरोप यायचे! मी म्हटलं, "अगं, होतं एखाद्या दिवशी. माझी नाही का रेघ चुकली." ती म्हणाली, "तुझा गुडघा कसा आहे?" मी सांगितलं. बरा आहे.

मला काळजी वाटते. हिचं लक्ष कुठेतरी उडालंय. तिच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार

आजचं सगळं क्रमाने लिहायचंय.

सकाळी लालपेनकडे गेलो होतो, निम्मी चित्रं घेऊन. चुकून चित्रवहीही पिशवीत गेली. बाई ती चाळत बसल्या, मी चहा पीत होतो. एका पानावर थांबल्या. चष्मा पुसला. पुढचं पान, मग परत मागचं.

"हे हात कुणाचे?"

"माझ्या बायकोचे. तुम्हीच म्हणालात ना, पेरं जाड आलीत. मी सुधारली."

"तुम्ही हे जसं दिसलं तसं काढलं होतं?"

"हो. पण तुम्ही सांगितल्यावर—"

बाईंनी पेन खाली ठेवलं. पाचही कागद काढून टेबलावर ओळीने मांडले. उजवा हात, डावा हात. दोन्हींच्या पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी तेच फुगवटे, दोन्ही मनगटांवर तीच सूज. "दोन्हीकडे सारखं," त्या म्हणाल्या, आणि मग मला एकामागून एक विचारत गेल्या. सकाळी हात आखडतात का त्यांचे? किती वेळ? मूठ वळते का? झाकणं उघडता येतात का? अंगठी घालतात का?

मला बरणी आठवली. कुकर, अंगठी, साडेचारची बादली, दिव्याखाली दाबून धरलेली बोटं. बाई म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी फोनवर बघून चित्र दुरुस्त करायला सांगितलं. माणसाबद्दल विचारायचं मला सुचलं नाही." तीस वर्षं शिकवणारी बाई, आणि हे माझ्यासारख्या पंप काढणाऱ्याला सांगत होत्या.

घरी आलो तर ही काउंटरवरून नुकतीच येत होती. दारातच विचारलं, "कधीपासून?" तिने काय कधीपासून असं विचारलंसुद्धा नाही.

"मार्चपासून."

"सात महिने! आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार कधी? तू श्वास घ्यायला थांबलास की सांगणार होते." मग थोडी शांत झाली. "सकाळी बोटं लाकडासारखी होतात. गरम पाण्यात घातली की तासाभराने सुटतात. म्हणून लवकर उठायचे. वाटलं, वयाचं असेल, जाईल. लॅबमध्ये कळलं तर काढून टाकतील. आणि घरात एक पेशंट असताना दुसरा कशाला."

मी म्हटलं, "म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला चाललं होतं."

"रेडा मी का?" ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडलो. लाज वाटते लिहायला, पण जे झालं ते झालं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

लालपेनने स्वतः फोन करून संधिवाताच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. ते वयस्कर आहेत, हळू बोलतात. हिचं एकेक पेर दोन अंगठ्यांत धरून दाबत होते. प्रत्येक वेळी हिचा श्वास अडकत होता, आणि प्रत्येक वेळी माझा. रक्त तपासायला दिलंय, हाताचे एक्स-रे काढलेत.

रक्त हिच्याच लॅबमध्ये काढलं. सुपरवायझरने. हिने मान वळवली नाही, सुईकडे बघत राहिली.

१८ ऑक्टोबर, बुधवार

आमवात. झीज नाही, हे वेगळं. शरीराचं स्वतःचंच सैन्य घरच्यांवर उलटतं आणि सांध्याच्या अस्तरावर तुटून पडतं. अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू हाड, कूर्चा, दोऱ्या सगळं कुरतडायला लागतं. तसंच सोडलं तर बोटं एका बाजूला झुकतात आणि मग परत येत नाहीत.

मी विचारलं, "झुकलीत का?" डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "अजून नाहीत. एका हाडाच्या कडेला जरा खाल्ल्यासारखं दिसतंय. वेळेत आलात म्हणायचं, पण अगदी वेळेत नाही." आठवड्यातून एकच दिवस घ्यायची गोळी आहे, ती रोज घ्यायची नाही असं चारदा बजावलं. सुरुवातीला थोडे दिवस सूज उतरवायची दुसरी. दर महिन्याला रक्ताची तपासणी. फरक कळायला दोन-तीन महिने.

हिने एकच प्रश्न विचारला. "मला परत रक्त काढता येईल का?"

"बघू," डॉक्टर म्हणाले. हा शब्द मला अजिबात आवडत नाही.

तो एक्स-रे मी घरी परत परत बघतोय. खाल्लेली जागा ज्वारीच्या दाण्याएवढीसुद्धा नाही. मी चित्र सुधारण्याऐवजी तोंड उघडलं असतं तर? किंवा हे काम मिळायच्याही आधी, मार्चमध्ये, एप्रिलमध्ये? माझा गुडघा मला सगळा पाठ आहे. हिचे हात मी चोवीस वर्षं बघतोय आणि मला ते दिसले नाहीत.

१५ नोव्हेंबर, बुधवार

लालपेनने विचारलं की मूळ पाच कागदांपैकी एक विकारांच्या प्रकरणात घेता येईल का. "सुरुवातीचा आमवात असा कुठल्याच पुस्तकात इतका नीट दिसत नाही. इतक्या लवकर कोणी चित्र काढत नाही ना." मी म्हटलं, बायकोला विचारल्याशिवाय सांगणार नाही. घाबरत घाबरत विचारलं.

हिने चित्र दिव्याखाली धरून बघितलं. "छाप. पण आहेत त्यापेक्षा वाकडी करू नको. आणि नखं कापलेली काढ, लॅबवाली आहे मी."

गोळीच्या दिवशी मळमळतं. तो दिवस शनिवार ठरवलाय, म्हणजे रविवारी पडून राहता येतं. मी स्वयंपाक करतो. ती म्हणते, त्यानेच मळमळतं.

१९ डिसेंबर, मंगळवार

आज मूठ वळली. पूर्ण नाही, पण बोटांची टोकं तळव्याला लागली. सकाळचं आखडणं तासावरून वीस मिनिटांवर आलंय. मी घड्याळ लावून बसतो, ती चिडते. "माझ्या बोटांचा हजेरीपट ठेवू नको." पण सहाला उठते आता.

गुडघा वाजतो की नाही माहीत नाही. बरेच दिवस मोजला नाही.

५ जानेवारी, शुक्रवार

सुपरवायझरने काल हिला बोलावलं होतं. येत्या सोमवारी तिला सुई परत मिळणार. सकाळी आठ ते दहा, तो शेजारी उभा राहणार. त्या दोन तासांत कुणालाही दोनदा टोचायला लागलं तर कायमचं काउंटर. तो दुष्ट माणूस नाही, ही स्वतःच म्हणाली. पेशंटला दुखतं, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

ही काल रात्रीपासून टेबलाच्या कडेवर, उशीवर, स्वतःच्या मनगटावर तर्जनी दाबून बघतेय. मी म्हटलं, "दिसतात की शिरा." म्हणाली, "दिसणारी शीर कुणालाही मिळते. न दिसणारी बोटाखाली उसळते, ती ओळखायची असते. माझ्या बोटाखाली सहा महिने सगळं सारखंच लागत होतं. आजोबांचं कातडं, माझं बोट, सगळं सुजलेलंच." मग म्हणाली, "आता लागतं की नाही, मला माहीत नाही."

७ जानेवारी, रविवार

सकाळी मी शर्टाची बाही वर केली आणि तिच्यासमोर बसलो. "घे."

"वेडा आहेस का? तुझ्या शिरा एक नंबर वाईट आहेत. नर्सिंगच्या मुली तुझ्यासारख्यांना बघून पळतात."

"म्हणूनच."

पाच मिनिटं वाद घातला. मग उठली, हात धुतले, पेटी आणली, हातमोजे घातले, माझ्या दंडाला पट्टा बांधला. मला सुयांची किती भीती आहे हे या वहीत कुठे लिहिलेलं नाही, कारण लिहायचीही भीती वाटते. मी भिंतीकडे बघत राहिलो.

पहिल्यांदा टोचलं. नाही मिळाली. तिने सुई आत हलवली नाही, लगेच काढली, नियम आहे. दुसऱ्या हाताला टोचलं. तिथेही नाही. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कपाळावर घाम आला. तिने पट्टा सोडला, कापूस ठेवला आणि पेटी बंद करायला लागली. चेहरा त्या दिवशी अंधारात बसली होती तसा झाला होता.

"बास," ती म्हणाली. "उद्या पावत्याच फाडते. वाईट काम नाही ते."

मी परत हात टेबलावर ठेवला. पहिला. म्हटलं, "मला भीती वाटतेय. तरी घे."

तिने पेटी परत उघडली. मग नवी सुई काढली. पट्टा बांधला. डोळे मिटले. कोपराच्या आतल्या बाजूला तिचं बोट हळूहळू फिरत होतं, थांबत होतं, परत मागे येत होतं. एका जागी थांबलं. तिथे मला काहीसुद्धा दिसत नव्हतं, नुसतं कातडं. तिने डोळे उघडले. टोचलं.

रक्त आलं. काळसर लाल, भराभर नळीत चढत गेलं. आम्ही दोघं त्या नळीकडे बघत होतो. तिने पट्टा सोडला, सुई काढली, कापूस ठेवला, नळी तीन वेळा अलगद उलटीसुलटी केली. मग चिठ्ठी आणि पेन पुढे ओढलं आणि मान वर न करता म्हणाली, "नाव सांगा. वय?"

हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. स्वच्छ, सावकाश, घाबरलेल्या माणसाला धीर देणारा. बावीस वर्षं अनोळखी लोक तो रोज ऐकत होते. मी नाव सांगितलं. वय सांगितलं, त्रेपन्न चालू. तिने सगळं लिहून घेतलं, वेळसुद्धा.

"कापूस दाबून धरा," ती म्हणाली. "पाच मिनिटं. हात दुमडू नका."

मी दाबून धरला.